सायकल बाहेर खांबाला लावा

तपासणीचं पत्र आल्यापासून गेजसाहेबांचं कशातच लक्ष नव्हतं. ताटात काय वाढलंय हे न बघता ते जेवत, चहाचा कप हातात धरून तो गार होईपर्यंत बसून राहत, आणि बायकोने काही विचारलं की नुसतं "अं?" म्हणत. असे दोन-तीन "अं?" ऐकल्यावर ती म्हणाली, "अहो, आतून काय खातंय तुम्हाला, ते एकदा सांगून टाका. नाहीतर निदान चहा तरी प्या."

"सायकलींची खोली," ते म्हणाले आणि गार चहा एका घोटात संपवून उठले.

गेजसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि झडपा बनवणाऱ्या कारखान्यात ते माल तपासायच्या विभागाचे प्रमुख होते. झडपेचं भोक बरोबर मापाचं आहे की नाही हे बघायचं छोटं पोलादी गेज कायम त्यांच्या खिशात असे. भोकात गेज घालायचं. बसलं तर माल पास, नाही बसलं तर परत. "थोडंसं बसतं असं काही नसतं," हे त्यांचं वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. माल पुरवणाऱ्यांची एक जुनी चलाखी असते. खोक्याच्या वरच्या थरात निवडक नग लावायचे आणि खाली सगळी रद्दी भरायची. गेजसाहेब वरच्या थराकडे बघतसुद्धा नसत. ते सरळ खोकं उलटं करत.

असा काटेकोर माणूस शेजारी राहत असताना इमारतीचा सेक्रेटरी कुणाला करायचं हा प्रश्नच नव्हता. ही इमारत साधीसुधी नव्हती. फाटकाजवळच्या भिंतीवर एक पितळी पाटी होती, वर पान कोरलेलं आणि खाली 'हरित इमारत' असं लिहिलेलं. रहिवासी पाहुण्यांना पत्ता सांगताना त्या पाटीची खूण सांगत, जरा मोठ्याने सांगत. मात्र पाटी एकदा मिळाली की कायमची आपली झाली असं नव्हतं. ठरावीक वर्षांनी नव्याने तपासणी व्हायची. गच्चीवरचे सौरपट्टे ठीक होते, पावसाचं पाणी साठवायची टाकी ठीक होती, कचऱ्याचे वेगवेगळे डबेही होते. अडचण फक्त सायकलींच्या खोलीची होती.

नियम अगदी साधा होता. रहिवाशांच्या सायकलींसाठी तळमजल्यावर, दाराजवळ, एकही पायरी चढावी लागणार नाही अशी बंदिस्त जागा हवी. तिथे दिवा हवा, सायकल साखळीने बांधायला पक्के लोखंडी कठडे हवेत, आणि रहिवाशाला कुणाची परवानगी न मागता सायकल आत-बाहेर करता आली पाहिजे. इमारत बांधणाऱ्याने हे सगळं नीट करून दिलं होतं. पुढे काय झालं ते आपल्यापैकी कुणालाही सांगायची गरज पडू नये. एका घराने पाळणा आणून ठेवला, "चार दिवस राहू दे" म्हणून. दुसऱ्याने कपाट ठेवलं. मग गाद्या आल्या, फुटक्या कुंड्या आल्या, कुणाच्या तरी लग्नातल्या रुखवताच्या पेट्या आल्या. एवढं सामान झाल्यावर ते चोरीला जाईल अशी भीती वाटू लागली आणि दाराला कुलूप लागलं. किल्ली सेक्रेटरीकडे. त्या खोलीत सायकल म्हणावी अशी एकच वस्तू होती, गेजसाहेबांची व्यायामाची सायकल, जी जागची हलत नाही.

मागच्या तपासणीला फक्त कागद मागवले होते. 'खोली वापरात आहे,' असं लिहून गेजसाहेबांनी सही ठोकली होती. वापरात तर होतीच की, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. या वेळी मात्र तपासनीस स्वतः येणार होता, आणि ती सही आता त्यांच्या घशात अडकली होती.

इमारतीत खऱ्या अर्थाने सायकल चालवणारी एकच होती, तिसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. तिशीची, एकटी राहणारी, हसून बोलणारी मुलगी. सुरुवातीला ती सायकल आवारात लावायची. आवाराची शोभा जाते म्हणून समितीने आवारात सायकलींना बंदी केली. मग ती फाटकाबाहेर दिव्याच्या खांबाला बांधू लागली. एके दिवशी सीट गेली, काही दिवसांनी पुढचं चाक गेलं. मग तिने सायकल लिफ्टमधून घरात न्यायला सुरुवात केली, तर चिखलाची तक्रार आली आणि लिफ्टमध्येही बंदी झाली. दोन्ही नियमांच्या खाली सही एकाच माणसाची होती.

तेव्हापासून ती सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायची. दुसऱ्या मजल्यावर गेजसाहेबांच्या दारावरून जाताना मागचं चाक आपसूक फिरायचं आणि टिक-टिक-टिक असा बारीक आवाज यायचा. रोज संध्याकाळी तो आवाज आला की गेजसाहेब टीव्हीचा आवाज वाढवत. पत्र आल्यापासून मात्र टीव्ही कितीही मोठा केला तरी तो ऐकू येत होता.

"एवढं काय डोक्याला लावून घेता?" समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचं कपड्यांचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट मांडणीवर विकली जाते असा त्यांचा अनुभव होता. "सामान दोन दिवस गच्चीवर टाकू. खोलीला रंग मारू. सायकली भाड्याने आणू आणि ओळीने लावून ठेवू. तपासणी झाली की जैसे थे."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कसलं? सजवायचं. आणि पाटी गेली तर लोक मला नाही विचारणार साहेब, सही तुमची आहे."

गेजसाहेबांनी मान खाली घातली. ती मान म्हणजे होकार असं सगळ्यांनी समजून घेतलं, आणि त्यांनीही तो गैरसमज दूर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सायकली आल्या. भाड्याच्या दुकानातल्या, सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या, पुढे एकसारख्या टोपल्या लावलेल्या. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारख्या त्या ओळीने अवघडून उभ्या राहिल्या. गेजसाहेबांनी एकेकीची चेन पाहिली, हवा पाहिली, ब्रेक दाबून पाहिला. सवयच ती. सगळे नग पास होते. तरी खोलीला कुलूप लावताना किल्ली दोनदा खाली पडली.

त्या संध्याकाळी टिक-टिक नेहमीच्या वेळी सुरू झाली. मग एकदम काहीतरी सटकल्याचा आवाज, लोखंड पायऱ्यांवर आदळत गेल्याचा आवाज, आणि एक ओळखीची किंकाळी.

गेजसाहेब अनवाणीच धावले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्याखाली पॅडल लागून चांगलीच खोक पडली होती. भाजीची पिशवी उलटी झाली होती आणि टोमॅटो पायऱ्या उतरत चालले होते. सायकल तिच्या पायाशी आडवी पडलेली, आणि वर चष्मेवाली उभी होती.

"काकू, हात सटकला माझा... काका, मी मुद्दाम नाही हो..."

"मुद्दाम कोण सायकल फेकतं?" बायको दात आवळून म्हणाली. "तू आधी इकडे ये आणि मला हात दे."

डॉक्टरांनी टाके घातले आणि पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. हाड वाचलं होतं. घरी येईपर्यंत गेजसाहेबांच्या भीतीचा राग झाला होता, आणि तो कुठे काढायचा ते त्यांना ठाऊक होतं. बायकोला सोफ्यावर बसवून, पायाखाली उशी देऊन, ते समोरच टेबलाशी लिहायला बसले.

"काय लिहिताय?"

"नवी सूचना. जिन्यातून सायकल नेण्यास सक्त मनाई."

बायको शांतपणे म्हणाली, "आवारात मनाई. लिफ्टमध्ये मनाई. आता जिन्यातही मनाई. मग काय, खिडकीतून दोरीने ओढून घ्यायची तिने?"

"विनोद नकोय. तुझा पाय मोडला असता आज!"

"मोडला असता. पण माझ्या पायावर पडलं ते काय होतं, सांगू? तिची सायकल नव्हती. तुमचे दोन नियम पडले. लोखंडाचे असल्यासारखे लागले, एवढंच."

गेजसाहेबांचं पेन थांबलं.

"खोली बांधली सायकलींसाठी," ती पुढे म्हणाली, "आणि कुलूप लावलं अडगळीसाठी. आपल्या पाळण्या-कपाटांना तळमजला, आणि कामावरून दमून येणाऱ्या पोरीला तीन मजले. वर पाटी काय, तर हरित इमारत. धूर कमी व्हावा, लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात, म्हणून ना ती पाटी देतात? मग आपल्यात जी एकटी ते करते, तिलाच आपण रोज शिक्षा करतोय. आणि उद्या तुम्ही त्या तपासनिसाला पिवळ्या सायकली दाखवणार. मला सांगा, कारखान्यात कुणी असं खोकं पाठवलं तर काय करता तुम्ही?"

गेजसाहेबांना उत्तर येत होतं. त्यांनी कागद चुरगाळला, पण फेकला नाही. मुठीत धरून बसले. "पाटी गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही," एवढंच पुटपुटले. बायकोने पाय सावकाश दुसऱ्या बाजूला वळवला आणि डोळे मिटून घेतले. त्यांना मात्र झोप लागली नाही.

सकाळी समितीची माणसं इस्त्रीचे कपडे घालून फाटकाच्या आत उभी होती. अध्यक्षांनी गाडीसाठी मोक्याची जागा रिकामी करून ठेवली होती. सगळ्यांचे डोळे रस्त्यावर. गाडी काही येईना. तेवढ्यात डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिशवी अशी पन्नाशीची एक बाई सायकलवरून आली आणि सरळ फाटकात शिरू लागली. वॉचमनने लगबगीने हात आडवा केला.

"ओ बाई, सायकल आत नाही आणायची. बाहेर खांबाला लावा."

"का हो? आत सायकल ठेवायला जागा नाही?"

"जागा आहे की. पण ती आज तपासणीसाठी लावून ठेवलीय. हात नाही लावायचा."

बाईंनी हेल्मेट काढलं. "तपासणीलाच आलेय मी," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष धावत पुढे झाले. "माफ करा मॅडम, नवीन आहे तो, त्याला माहीत नाही."

"नवीन कुठला साहेब," वॉचमन दुखावून म्हणाला, "इमारत झाल्यापासून मीच आहे. तुम्हीच सांगितलंय ना, सायकलवाला दिसला की खांब दाखवायचा?"

पुढे सगळं एखाद्या वाईट स्वप्नासारखं संथ घडत गेलं. किल्ली त्यांच्याच खिशात होती, त्यामुळे कुलूप त्यांनाच काढावं लागलं. नव्या रंगाचा वास बाहेर आला. तपासनीस बाई पिवळ्या सायकलींच्या रांगेवरून शांतपणे चालत गेल्या.

"कुणाच्या आहेत या?"

"रहिवाशांच्या," अध्यक्ष म्हणाले.

"सगळ्यांना एकच रंग आवडलेला दिसतो."

आणि नेमकी त्याच वेळी जिन्यात टिक-टिक ऐकू आली. खांद्यावर सायकल घेऊन, प्रत्येक पायरी चाचपत, चष्मेवाली खाली येत होती. समोर एवढी माणसं बघून ती थबकली.

"तुम्ही इथे राहता?" तपासनीस बाईंनी विचारलं. "मग एवढी खोली असताना सायकल वर का नेता?"

तिने गेजसाहेबांकडे पाहिलं. आता ही सगळं सांगणार, आणि सांगायलाच हवं तिने, असंही त्यांना वाटून गेलं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कालची शरम होती.

"मला... वरच ठेवायला बरं पडतं," ती खाली बघत म्हणाली. "व्यायाम होतो."

गेजसाहेबांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. त्यांनी तिला सळो की पळो केलं होतं, आणि ती त्यांची अब्रू झाकत होती! तिला बोलावं लागलेलं ते खोटं त्या पिवळ्या रांगेपेक्षाही मोठं होतं, आणि तेही त्यांनीच आणून उभं केलं होतं. त्यांचा हात आपोआप खिशातल्या गेजवर गेला.

"ती खोटं बोलतेय मॅडम," ते म्हणाले. "माझ्यासाठी बोलतेय."

अध्यक्षांनी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"या सायकली भाड्याच्या आहेत. खोलीला कायम कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे असते, आत आमची अडगळ भरलेली असते. सध्या ती गच्चीवर आहे. त्यात माझीही एक वस्तू आहे. मागच्या वेळी खोली वापरात आहे असं लिहून दिलं, ती सही माझी. हिच्या सायकलला आवारात बंदी, लिफ्टमध्ये बंदी, त्या सह्याही माझ्या. मी माल तपासणारा माणूस आहे, आणि तुम्हाला खोक्याचा फक्त वरचा थर दाखवत होतो."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांनी त्यांनी पूर्ण श्वास घेतला होता.

तपासनीस बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "असल्या खोल्या मी खूप बघितल्यात," त्या म्हणाल्या. "कुलूप कुणीच असं स्वतःहून काढत नाही. पण पाटी मला उतरवावीच लागेल. पुन्हा अर्ज करा, मात्र एक लक्षात ठेवा. सायकली आणू नका, येऊ द्या."

पाटी गेजसाहेबांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला आणि येता-जाता लोक त्याच्याकडे बघून त्यांना ऐकवू लागले. इमारतीची किंमत घसरली म्हणून कुणी भांडलं, कुणी जिन्यात भेटल्यावर मान वळवली. अध्यक्ष तर बरेच दिवस बोललेच नाहीत. गेजसाहेबांना वाईट वाटे, रात्री कूस बदलत ते पडून राहत, पण जेवण मात्र आता जात होतं.

गच्चीवरचं सामान खोलीत परत आलं नाही. ज्याचं त्याने न्यावं, नाहीतर गरजूंना द्यावं असं ठरलं, आणि सगळ्यात आधी व्यायामाची सायकल इमारतीबाहेर गेली. दाराचं जुनं कुलूप निघालं. नवं लागलं, त्याची किल्ली प्रत्येक घरात पोचली. चष्मेवालीची किल्ली द्यायला गेजसाहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण दार उघडल्यावर सगळं विसरले.

"चूक झाली माझी," एवढंच म्हणाले.

"काका, आत या ना, चहा टाकते," ती म्हणाली, आणि तो चहा त्यांनी गरम असतानाच प्यायला.

त्या संध्याकाळपासून जिन्यातला आवाज थांबला. काही दिवस खोलीत ती एकच सायकल होती, एवढ्या मोठ्या जागेत अगदी केविलवाणी दिसणारी. आपण पाटीही घालवली आणि सायकलीही नाहीत, या विचाराने गेजसाहेब रोज खाली डोकावून काळजी करत. मग पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी माळ्यावरची जुनी सायकल झटकून खाली आणली. पायऱ्या नाहीत, तर आपल्यालाही जमेल की, असं म्हणून. एका घरातल्या दोन बहिणींनी कॉलेजसाठी घेतली. अध्यक्षांच्या सुनेने घेतली, आणि त्यानंतर अध्यक्ष बोलू लागले. गेजसाहेबांनीही कारखान्यात जायला एक घेतली. पाय बरा झाल्यावर गेजसाहेबांच्या बायकोने फर्मान काढलं, "मला शिकवा." मग रोज सकाळी आवारात ती हँडल घट्ट धरून पुढे आणि गेजसाहेब सीट धरून मागे धावताहेत, असा देखावा लोक खिडकीतून चवीने बघू लागले. "सोडू नका हं," ती ओरडायची. ते सोडत नसत. पडण्याची भीती तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त होती.

मंडळी, नियम पाळल्याची पाटी मिळते, पण नियम पाटीसाठी नसतो. तो जिन्यात दमणाऱ्या कुणासाठी तरी असतो. आपल्याही इमारतीत, कचेरीत, शाळेत अशी एखादी कुलूपबंद सोय असेल, कागदावर वापरात असलेली. तिची किल्ली बहुतेक आपल्याच खिशात असते. तपासणीची वाट न बघता ती काढली पाहिजे.

दुसऱ्या अर्जानंतर तपासनीस बाई कधी येणार ते त्यांनी कळवलं नव्हतं. या वेळी फाटकात कुणी इस्त्रीचे कपडे घालून उभं नव्हतं. बाई नेहमीसारख्या सायकलवरून आल्या आणि वॉचमनने पुन्हा हात आडवा केला.

"बाई, सायकल बाहेर खांबाला लावा."

"अजूनही?" बाईंचा चेहरा उतरला.

"काय करणार?" वॉचमन ओशाळून म्हणाला. "आत जागाच उरली नाही हो."

कारखान्यात जायला निघालेले गेजसाहेब हे ऐकत मागेच उभे होते. ते खोलीत गेले, आपल्या सायकलची साखळी सोडली, ती ढकलत बाहेर आणली आणि तपासनीस बाईंना म्हणाले, "या, माझी जागा रिकामी झालीय."